सहहिस्सेदाराची संमती

जुळे सोलापूर
१५ ऑक्टोबर २०२४

ती. अण्णा,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच कपाटात टाकलं असतंस, म्हणून पत्ता टाइप करून चिकटवलाय. आता फोडलंच आहेस तर वाच. माझा नंबर तू बंद केलायस, तेव्हा स्पीड पोस्टाशिवाय मला इलाज नाही.

नऊ वर्षांनी लिहितेय. आधी तुझी तब्येत विचारावी, वहिनींचे गुडघे विचारावेत, ही रीत मला कळते, पण मला आत्ता तेवढा दम नाही. अण्णा, आपला माळ न विकता विकता येतो.

हसू नकोस. मी शुद्धीवर आहे. गेल्या महिन्यात अक्कलकोटला एका कंपनीची बैठक होती, गवताळ जमिनीच्या मालकांसाठी. चहा-बिस्किटं चांगली असतात म्हणून गेले आणि तीन तास बसून राहिले. गवत हवेतला कार्बन ओढून मुळांवाटे मातीत दाबून ठेवतं. तो किती दबला ते मोजता येतं. धूर ओकणारे कारखाने त्या मोजमापाचे पैसे देतात, कंपनी मध्ये असते. जमीन आपली, सातबारा आपला, गवतही आपल्याच जागी. ज्या एकतीस एकरांवर अख्ख्या भावकीनं अप्पांची चेष्टा केली, ‘दगडं पिकवतोय शिवलिंगप्पा,’ म्हणून, त्या माळाकडे बघायला ती कंपनीची बाई खास गाडी करून आली. रेश्मा तिचं नाव. गुडघ्यावर बसून तिनं मारवेल आणि पवन्या ही गवतं वेगवेगळी ओळखली, तिथंच मला ती आवडली.

मी अर्ज भरलाय. पहिल्या तुकडीत फक्त वीस मालक घेणार आहेत, म्हणून घाई केली. सगळे रकाने भरून झाले आहेत. सातबारा अजून आपल्या दोघांच्या नावे सामाईक आहे, त्यामुळे शेवटी करारावर तुझी सही लागेल. तुझं काम एवढंच.

आपल्यात जे झालं ते झालं. त्यावर मी आज एक अक्षर लिहिणार नाही, कारण लिहिलं तर भांडण होईल आणि मला भांडायला वेळ नाही.

दाक्षा


३ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णा,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. पण पाकीट परतही आलं नाही, आणि पोस्टाच्या साइटवर ‘पोचले, सही घेतली’ असं दिसतंय. तेव्हा तू वाचतोयस असं धरून चालते.

कराराचा मसुदा आला. चौतीस पानं. बत्तीस वर्षं विमा कार्यालयात लोकांना ‘बारीक अक्षर वाचा हो’ असं सांगून माझा घसा बसला, आता ते पुण्य कामाला येतंय. लाल पेन घेऊन बसले, चार दिवस भात करपवला. तुझ्यासाठी प्रत जोडलीय. माझ्या खुणा बघ.

मुदत चाळीस वर्षं. मी अठ्ठावन्न, तू चौसष्ट. म्हणजे आपण दोघं मातीत गेल्यावरही करार चालूच, आणि आपल्या पोरांवर बंधन. समज, त्यांना माळ विकायचा झाला, तर घेणाऱ्यानंही करार पाळायचा. इथं मी मोठ्ठं प्रश्नचिन्ह काढलंय. रेश्मा म्हणते वीस वर्षांचाही पर्याय आहे, दर कमी मिळतो.

सहाव्या कलमात ‘अपेक्षित उत्पन्न’ असा शब्द आहे. अपेक्षित म्हणजे देऊ असं नाही, हे मला कुणी शिकवायला नको. मोजणीचा खर्च आधी कापणार. वाद झाला तर दिल्लीच्या कोर्टात. मी लिहिलं, अक्कलकोटच्या कोर्टात. सोलापूरवर तडजोड होईल, मला खात्री आहे.

आणि नऊ नंबरचं कलम वाचून मी उठून दोन फेऱ्या मारल्या. पैसे फक्त आजपासून पुढं जे वाढेल त्याचे. आजवर जे राखलं त्याचं काही नाही. अप्पांनी पन्नास वर्षं अर्धा माळ आलटून पालटून बंद ठेवला, कुणाला नांगर लावू दिला नाही, त्याला कराराच्या भाषेत किंमत शून्य. ज्यानं ओरबाडलं त्याला वाढवायला जागा जास्त, ज्यानं सांभाळलं त्याला कमी. आहे की नाही गंमत? मी रेश्माला फोनवरच झापलं. ती म्हणाली, ‘मॅडम, तुमचं खरंय, पण नियम असा हाय.’ दक्षिणेकडचा जो उतार उघडा पडलाय, तिथं मात्र खूप वाढ होऊ शकते, असं तिचं म्हणणं. आणि आपल्या जमिनीचं वर्णन त्यांनी ‘पडीक’ असं छापलंय. तो शब्द मी खोडला आणि ‘राखीव गवताची’ असं लिहून सही ठोकली.

चौदावं कलम चराईचं आहे. ‘बाह्य जनावरांना पूर्ण बंदी.’ मेंढ्यांचं आता संगप्पाला सांगावं लागेल. बघू.

कंपनीवाले कदाचित तुला फोन करतील. मी तुझा नंबर दिलाय. विचारतील त्याला फार फाटे फोडू नकोस, हो म्हण म्हणजे झालं.

आज भाऊबीज आहे. ते तुलाही कॅलेंडरवर दिसत असेल.

दाक्षा


१९ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णा,

संगप्पा आला. दरवर्षीसारखाच, दिवाळीनंतर, चारशे मेंढ्या, दोन घोडी आणि तीच ती कुत्री घेऊन. त्याच्या बायकोनं, मल्लव्वानं, माळाच्या कडेला चूल मांडली होती आणि मी करार पिशवीत घालून पोचले. काय बोलायचं ते एसटीत पाठ केलं होतं.

तुला रीत माहीतच आहे. त्यानं दीड महिना माळ चारायचा, आणि जाताना सहा रात्री आपल्या काळ्या रानात मेंढ्या बसवायच्या. लेंडीखत आपल्याला, गवत त्याला. भाडं नाही, चिठ्ठी नाही. अप्पांचे वडील आणि संगप्पाचा आजा यांच्यात हे ठरलं, आणि कुणीच कधी कागद मागितला नाही. त्यामुळं कंपनीच्या अर्जात ‘जमिनीवर इतर कुणाचा हक्क आहे का’ या प्रश्नापुढे मी बिनधास्त ‘नाही’ लिहिलं होतं. हे मला चुलीपुढं बसल्यावर आठवलं, मल्लव्वानं भाकरी हातात दिल्यावर.

तरी सांगितलं. पुढच्या सालापासून मेंढ्या नकोत, कंपनीचं कलम आहे. संगप्पानं चुलीत काटकी सारली. मग म्हणाला, ‘अक्का, तुमची जमीन, तुमी सांगाल तसं. पर त्या कंपनीला हुल्लु कळतंय का?’ हुल्लु म्हणजे गवत, हे मी करारात लिहायचं म्हणतेय.

मला उठवून तो शेजारच्या तारेच्या कुंपणापाशी घेऊन गेला. पुण्याच्या माणसानं घेतलेला तो तुकडा, आठ वर्षं बंद आहे, आत शेळीसुद्धा गेली नाही. मी समजत होते तिथं गवत मजेत असेल. अण्णा, सगळं राखाडी. जुनं गवत उभ्या उभ्या वाळलेलं, खाली नव्या पातीला ऊन नाही, मुळाशी हात घातला तर झुपका उपटून हातात आला. संगप्पा म्हणाला, ‘खाल्लंच न्हाय तर ते फुटंल कशाला? आमी वरबाडतोय असं वाटतंय तुमास्नी. मेंढरू तोंड लावतंय, खुरानं बी दाबतंय, लेंडी टाकतंय, मग पुढं जातंय. एका जागी ऱ्हायलं तर नास. म्हनून तर आमी फिरतोय की.’ मल्लव्वा मागून म्हणाली, ‘ह्यांना इचारलं असतं तर आदीच सांगितलं असतं. कुनी इचारतंय कुटं?’

ते वाक्य मला लागलं. का लागलं ते आज नको.

तिथूनच रेश्माला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती मातीचे नमुने घ्यायला येणारच होती. मी म्हटलं, आमच्या माळातून घ्याल तेवढेच नमुने कुंपणाच्या आतून घ्या. पुण्याच्या मालकाची परवानगी मी काढते. त्याला फोन केला, विम्याच्या आवाजात, पाच मिनिटांत हो म्हणाला. काल दिवसभर मी, रेश्मा आणि संगप्पा मातीत सळई घालत फिरलो. वीतभर, मग दीड वीत. प्रत्येक नमुना पिशवीत, पिशवीवर नंबर. माझ्या साडीचा काठ कुसळांनी भरला आणि चष्म्यावर धूळ, पण खरं सांगते, कार्यालयातल्या बत्तीस वर्षांत मला इतकी मजा आली नव्हती.

निकाल यायचाय. माझा जीव टांगणीला लागलाय. संगप्पा जिंकला तर चौदावं कलम मी फाडून त्यांच्या हातात देणार आहे.

दाक्षा


८ डिसेंबर २०२४

ती. अण्णा,

जिंकला. संगप्पा जिंकला.

प्रयोगशाळेचा कागद जोडलाय. आपल्या माळाचा सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीत दबलेला तोच कार्बन, कुंपणातल्या तुकड्यापेक्षा जवळजवळ दीडपट आहे. शेजारी शेजारी जमीन, तोच मुरूम, तोच पाऊस. फरक मेंढ्यांचा. रेश्मा फोनवर ओरडलीच. मी कागदाच्या तीन झेरॉक्स काढल्या, एक संगप्पाला दिली. त्याला वाचता येत नाही, पण त्यानं ती घडी करून पटक्यात खोवली.

मी कंपनीला सहा पानी पत्र लिहिलं. चौदावं कलम काढा, त्या जागी ‘ठरलेल्या वेळापत्रकानं फिरती चराई’ असं घाला आणि संगप्पाचं नाव करारात घ्या. काल उत्तर आलं, तत्त्वतः मान्य. चाळीस वर्षांचं वीसवर आणायलाही तयार आहेत. अण्णा, एका निवृत्त विमा कारकुनिणीनं चौतीस पानांच्या कराराला वाकवलं. मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या. पेढे आणले, शेजारी वाटले, त्यांना काय कळलं देव जाणे.

आता ते लिहिते जे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं.

अर्जात एक रकाना होता. ‘सहहिस्सेदाराची संमती: आहे / नाही.’ मी ‘आहे’वर खूण केली. खाली ‘कशी मिळाली’ असं विचारलं होतं, तिथं ‘दूरध्वनीवरून, तोंडी’ असं लिहून तारीखही टाकली. ज्या नंबरवर तू मला नऊ वर्षं बंद करून ठेवलंयस, त्याच नंबरवरून तू मला संमती दिलीस असं मी लिहून दिलंय. म्हणूनच म्हटलं होतं, फोन आला तर हो म्हण. मला माझं खोटं तुझ्याकडून खरं करून घ्यायचं होतं.

खूण करताना मी दोनदा विचारही केला नाही. तुझ्यावर राग नव्हता, तुला फसवायचं नव्हतं. वीसच जागा होत्या, मला घाई होती आणि मनात पक्कं होतं की अण्णा नाही कशाला म्हणेल, त्याच्या भल्याचंच आहे.

मल्लव्वाच्या त्या वाक्यानं मला अप्पा गेल्यावरच्या शिवगणाराधनेच्या मांडवात नेऊन उभं केलं. सगळी भावकी पंगतीला बसलेली, आणि तू उभा राहून म्हणालास, ‘दाक्षाची संमती आहे, हक्कसोडीचा कागद तयार आहे.’ मला तू विचारलंही नव्हतंस. मी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘मला कुणी विचारलं नाही आणि मी सही करणार नाही.’ तुझा चेहरा पडला. तू जेवला नाहीस. त्याच रात्री धारवाडला गेलास.

नऊ वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की भाऊ मला लुबाडायला निघाला होता. ते खरं नव्हतं. आपल्याकडे बहिणी सह्या करतातच, तूही तेच धरून चाललास. तुला माझी जमीन नको होती, तुला फक्त मला विचारायचं सुचलं नाही. हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं, पण ते कळायला मला स्वतःला तेच करावं लागलं.

तरी माझं ‘नाही’ बरोबरच होतं, ते मी मागं घेत नाही. फक्त ते मी तुला घरात बाजूला घेऊन म्हणू शकले असते. चव्वेचाळीस माणसांसमोर म्हटलं, कारण तुझा चेहरा पडलेला मला बघायचा होता. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

उद्या रेश्माकडे जाऊन अर्ज मागं घेतेय. पहिल्या तुकडीतली जागा जाईल. जाऊ दे.

तुझी,
दाक्षा


१७ डिसेंबर २०२४

अण्णा,

गेले होते. रेश्माच्या ऑफिसात बसून सगळं सांगितलं, अर्ज खोटा आहे, भावाची संमती मी घेतलीच नाही, मागं द्या. त्या पोरीनं टॅब ओढून घेतला. मग म्हणाली, ‘मॅडम, असं कसं? सरांनी तर हो म्हटलंय की.’

मला वाटलं ती दुसऱ्याच कुणाच्या अर्जाबद्दल बोलतेय. तिनं टॅब माझ्यासमोर धरला. २६ नोव्हेंबर, सोमशेखर शिवलिंगप्पा, धारवाड, पंचवीस मिनिटं.

ती म्हणाली, तुझ्याशी बोलताना तिला घाम फुटला. सळई किती खोल घातली, नमुने किती, कुंपणातले कुठून घेतले, तिची जणू तोंडी परीक्षाच घेतलीस. शेवटी तिनं नियमाप्रमाणं विचारलं की अर्जात लिहिलंय तशी तुम्ही बहिणीला फोनवर संमती दिली होती का. तिला वाटलं लाइन गेली. मग म्हणालास, ‘बहिणीनं लिहिलंय म्हंजे दिली आसंल की. पन मेंढरांचं कलम काडल्याबिगर मी सही करनार न्हाय, हे लिहून घ्या.’

आणि मी पेढे वाटत होते. कंपनीनं माझ्या सहा पानांना नव्हे, आपल्या दोघांना मान दिला होता. दोन हिस्सेदारांची, एकमेकांशी न बोलता, एकाच कलमावर हरकत. रेश्मा म्हणे, त्यांच्या ऑफिसात सगळ्यांना वाटलं, काय एकीचं घर आहे. मी तिथंच हसत सुटले आणि हसता हसता रडले. तिनं पाणी दिलं.

अण्णा, तुला एक वाक्य पुरलं असतं. ‘नाही, मला कुणी विचारलं नाही.’ खरंच होतं ते. मी नऊ वर्षांपूर्वी हेच म्हटलं होतं आणि तुला भावकीसमोर उघडं पाडलं होतं. तुझी पाळी आली तेव्हा तू मला झाकून घेतलंस, एका परक्या मुलीसमोर, आणि मला कळवलंसुद्धा नाहीस.

रेश्मा म्हणाली, आता अर्ज मागं घ्यायची गरज नाही, तोंडी संमती नोंदली गेलीय, जागा शाबूत आहे. मी तिच्याकडून लाल पेन घेतलं. माझी खूण खोडली, ‘दूरध्वनीवरून’ही खोडलं, बाजूला सही केली. तो रकाना आता कोरा आहे. मुदत दहा जानेवारीपर्यंत आहे, तोवर नाही भरला तर जागा दुसऱ्याला जाईल, हे रेश्मानं स्पष्ट सांगितलंय आणि मला मान्य आहे.

वीस वर्षं की चाळीस, हे मी एकटीनं ठरवलं होतं. दक्षिणेच्या उतारावर आधी मेंढ्या सोडायच्या की तो बंद ठेवायचा, हेही. मुळात हा करार करायचा का, हे मी तुला एकदाही विचारलं नाही. चार पत्रं लिहिली, करपलेला भातसुद्धा कळवला, पण ‘तुला काय वाटतं’ असं एकदाही लिहिलं नाही. आता विचारते. तुला काय वाटतं?

संगप्पा येत्या रविवारपासून काळ्या रानात मेंढ्या बसवतोय. सहा रात्री. मी तिथंच आहे, शनिवारपर्यंत. करार पिशवीत आहे. धारवाडहून सकाळची गाडी धरलीस तर ऊन उतरायच्या आत माळावर पोचशील.

रेश्माला फोनवर तू जे ‘हो’ म्हणालास, ते मी धरत नाही. ते मला वाचवायला म्हणालास. इथं येऊन सगळं बघ, चौतीस पानं वाच, हवं तेवढं भांड, आणि मग नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. संगप्पासमोर म्हण, मल्लव्वासमोर म्हण, रेश्मालाही बोलावून घे हवं तर. मी खाली मान घालून ऐकून घेईन, आणि त्यानंतर तुला जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही.

तुझी धाकटी बहीण, तुझी तंगी,
दाक्षा